बाळाचं पोट उडतंय

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं मुख्यतः प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, वॉर्डातल्या सिस्टर आणि १०८ रुग्णवाहिकेवरची मंडळी यांच्याशी आहे. बाकीच्यांनीही रेडिओ बंद करू नका, विषय तुमच्याच पोराबाळांचा आहे.

अत्यवस्थ मुलांना वाचवण्याचं प्रशिक्षण आता ऑनलाइन मिळतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या ‘पाल्स’, म्हणजे ‘पीडियाट्रिक ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट’ या कोर्समध्ये आधी संगणकावर अभ्यास आणि मग प्रत्यक्ष सराव, अशी सोय आहे. पडद्यावर बघून जीव वाचवायला शिकता येतं का, असं कोणी विचारलं की मी म्हणते, निम्मं येतं. आणि ते निम्मं फार मोलाचं असतं.

मोठ्या माणसाचं हृदय बहुधा हृदयाच्याच दुखण्याने अचानक बंद पडतं. मुलांचं सहसा तसं नसतं. आधी श्वास थकतो, किंवा जुलाब-उलट्यांनी, जंतुसंसर्गाने रक्ताभिसरण ढासळतं. हृदय हात टेकतं ते सगळ्यात शेवटी. म्हणजे आपल्याला वेळ मिळतो, पण ओळखता आलं तर. आई सांगते, “बाळाचं पोट उडतंय.” झबलं वर करा. छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का? नाकपुड्या फुलताहेत? बाळ कण्हतंय? पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० भरले, तर श्वास जलद आहे. ही नजर व्हिडिओने उत्तम तयार होते. तो थांबवता येतो, मागे नेता येतो, पुन्हा मोजता येतं. पुस्तकातल्या चित्रातली छाती काही हलत नाही.

औषधांचं गणितही तिथेच पक्कं करावं. हृदय थांबलं तर ॲड्रेनॅलिन. एक मिलिलिटरच्या कुपीत एक मिलिग्रॅम असतं. सलाइन घालून ते दहा मिलिलिटर करायचं आणि त्यातलं किलोमागे ०.१ मिलिलिटर शिरेतून द्यायचं. दहा किलोच्या मुलाला एक मिलिलिटर. ऐकायला सोपं आहे, पण आई शेजारी हंबरडा फोडत असताना दशांश चिन्ह हमखास सरकतं. ते काय सरकायचं ते प्रश्नमंजूषेत सरकू द्या.

हाताचं काम मात्र वेगळं. हृदय थांबलं की तान्ह्या बाळाच्या छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण ४ सेंटिमीटर दाब, मिनिटाला १०० ते १२०; दोघे असाल तर १५ दाबांमागे २ श्वास. परीक्षेत हे कोणीही लिहील. सरावाच्या बाहुलीवर बसवलं की भलेभले दबकत दाबतात. इवलीशी छाती, मोडेल असं वाटतं. आणि अंबू बॅगचा, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीचा मास्क! मान जरा जास्त मागे गेली, कडेने हवा सुटली, की छाती उचललीच जात नाही. सुटणारी हवा बोटांना कळावी लागते, आणि स्क्रीनला बोटं नसतात.

व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवून सर्टिफिकेट काढणारेही आहेत, त्यांच्याविषयी न बोललेलंच बरं. नीट शिकलेल्यांचाही हात काही महिन्यांत उतरतो.

तेव्हा नाव नोंदवताना प्रत्यक्ष सराव कधी आणि कुठे, हे आधी विचारा. आणि उद्या ड्यूटीवर गेलात की इमर्जन्सी ट्रे उघडून पाहा: अंबू बॅग फक्त मोठ्यांचीच आहे का, तान्ह्या बाळाचा मास्क सापडतो का, आणि सापडलाच तर त्याची कड अजून मऊ आहे का. नमस्कार.