व्हीलचेअर आली, पण दारातून आत कशी जाणार?

श्रोतेहो, नमस्कार.

पक्षाघातानंतर माणूस घरी येतो आणि खरी पंचाईत दारातच सुरू होते. शिबिरातून व्हीलचेअर मिळते, पण ती ओट्याच्या पायऱ्यांपाशी अडते. आत उंबरा, पुढे मोरीचा कट्टा, संडास परसात. जाताना-येताना दोघांनी काखेत हात घालून उचलायचं. कुणाला त्रास नको म्हणून कित्येक जण पाणी पिणंच कमी करतात. हे थांबायला हवं.

त्यासाठी पैसा आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषद या सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अनेक गावांत ही रक्कम वर्षअखेरीला सगळ्यांना सारखी वाटून टाकतात. वाटणाऱ्याला ते सोपं जातं. पण हाती येतं त्यात संडासाचा दरवाजाही बदलत नाही आणि घर होतं तसंच राहतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, की घराच्या कामासाठी स्वतंत्र अर्ज करा. गावची वसुलीच कमी असेल, तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडेही द्या.

अर्जाआधी गवंड्याला बोलावून मापं घ्या. पायऱ्यांशेजारी खुर्चीसाठी करायचा उतार एकास बारा हवा. म्हणजे ओटा दीड फूट उंच असेल, तर उतार अठरा फूट लांब. अंगणात तेवढी जागा नसेल, तर मध्ये सपाट टप्पा ठेवून तो वळवावा लागतो. घाईघाईत केलेला उभा उतार धोक्याचा; खुर्ची मागे कलंडते. दाराची मोकळी रुंदी तीन फूट ठेवा. संडासाचं दार बाहेर उघडणारं हवं, कारण आत कुणी पडलं तर त्याच्याच अंगाने दार अडतं. कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवा. या कामांचं लेखी अंदाजपत्रक, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, घराचा ग्रामपंचायतीतला नमुना आठचा उतारा आणि आत्ताच्या दाराचे, पायऱ्यांचे फोटो जोडा. कार्डावर अपंगत्व किमान ४० टक्के असावं लागतं.

अर्ज ग्रामसभेतही वाचायला सांगा, म्हणजे तो कागदांच्या ढिगात हरवत नाही. शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.

घरकुल मंजूर असेल, तर पाया खणतानाच हे सगळं गवंड्याला सांगा. नंतर भिंत फोडण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ नुसार घरांच्या योजनांमध्ये ५ टक्के आरक्षणही आहे. यादीत नाव नसेल, तर त्याबद्दल जरूर विचारा.

आणि उत्तरच आलं नाही, तर पोच जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. तिथेही दाद लागली नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लिहा. साध्या कागदावर, मराठीत लिहिलेलं चालतं.

नमस्कार.