हप्ता किती बसेल?

श्रोतेहो, नमस्कार.

बँकेत मी एकोणतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा वाहनकर्जाच्या टेबलावर. गाडी घ्यायला निघालेला माणूस समोर बसला की दोनच प्रश्न विचारायचा. पहिला, "साहेब, हप्ता किती बसेल?" आणि दुसरा, "ॲव्हरेज किती देते हो ही?" आता ॲव्हरेज हा काही बँकेचा विषय नाही. पण आपल्याकडे ॲव्हरेज कुणालाही विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी पाहुण्यालासुद्धा. किंमतीचं मात्र कुणी फारसं विचारत नसे. ती शोरूममध्ये कळलेली असायची, आणि ती आपल्या आवाक्यातली नाही हेही तिथेच कळलेलं असायचं. आवाक्यात बसवायचा तो हप्ता.

हे आज आठवलं ते भाच्याच्या फोनमुळे. तो पुण्यात असतो, कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. बारा वर्षांची पेट्रोलची गाडी आता काढायची आणि विजेची घ्यायची असं त्याच्या मनात आहे. "मामा, पेट्रोल शंभरीच्या पुढे गेलंय. विजेवर किलोमीटरला दोन रुपये पडतात. डोळे झाकून घेऊ ना?" मी म्हटलं, डोळे उघडे ठेव आणि वही घे.

आधी ॲव्हरेजचं पाहू. पुण्यात वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था माहीत असते. टेकडीचं एक नावच तिच्यावरून पडलं आहे. १९६६ साली निघालेली ही संस्था. जाहिरातीत ॲव्हरेजचे जे आकडे दशांश चिन्हासकट छापलेले असतात, ते अशा संस्थांच्या चाचणीतून येतात. या चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. प्रयोगशाळेत तिची चाकं रोलरवर ठेवतात आणि गाडी जागच्या जागी धावते. वेग कधी वाढवायचा, कधी उतरवायचा हे ठरलेलं असतं, ताशी ९० च्या वर तो जात नाही, आणि एसी बंद असतो. तिथे नळ स्टॉपचा सिग्नल नाही, खड्डे नाहीत, मागच्या सीटवर तिघं आणि डिकीत गावाहून आणलेलं तांदळाचं पोतं नाही. यात फसवणूक काही नाही. सगळ्या गाड्या एकाच पट्टीने मोजल्या जातात, तेव्हा या गाडीपेक्षा ती बरी एवढं त्यावरून नक्की कळतं. घरखर्चाचा हिशेब मात्र त्या आकड्यावर मांडायचा नाही. शहरात चालवणार असाल तर मी सरळ तिसरा हिस्सा कापतो. विजेच्या गाडीची छापील रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये ती किती किलोमीटर जाते तो आकडा, तीही अशीच. कागदावर तीनशे असेल तर मनात दोनशे धरायची.

त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आमच्या साताऱ्या-सांगलीचा ऊस त्यात आहे, म्हणून वाईट बोलायला जीभ रेटत नाही. पण इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरइतकी ऊर्जा नसते. तशा मिश्रणासाठी न बनवलेल्या जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी उतरेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिलेला होता.

आता भाच्याची वही. मी पहिलं विचारलं, महिन्याला गाडी किती चालते? "हजार तरी होतातच." मी म्हटलं, होतात का ते बघू. गाडीच्या मीटरवरचा आकडा एक तारखेला भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा, दुधाचे खाडे लिहितो त्याच्या शेजारी. महिना संपला, वजाबाकी केली. ४८०. त्यात सासवडच्या लग्नाची एक फेरी आली.

सोयीसाठी पाचशे धरू. एकाच अंगाच्या दोन लहान गाड्या घेऊ, एक पेट्रोलची, एक विजेची. शोरूमच्या किमतीत फरक साधारण तीन लाखांचा. पेट्रोलच्या गाडीवर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंत ११ टक्के मोटार वाहन कर लागतो, विजेच्या गाडीला तो माफ आहे. म्हणजे पासिंगमध्ये साठ-पासष्ट हजार वाचतात. उलट विजेची गाडी महाग म्हणून तिचा विमा थोडा जास्त. सगळी बेरीज-वजाबाकी करून फरक उरतो अडीच लाखांचा.

चालवण्याचा खर्च असा. पेट्रोलची गाडी शहरात लिटरला सोळा देते असं धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये. विजेची गाडी, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून, युनिटला सात किलोमीटर जाते. युनिटचा दर बोलायचा तर महावितरणचं बिल समोर घ्या. शंभर, तीनशे, पाचशे अशा पायऱ्या आहेत तिथे, आणि प्रत्येक पायरीवर युनिट महाग होत जातं. गाडीचं चार्जिंग घरच्या वापराच्या डोक्यावर चढून बसतं, म्हणजे तुमची सगळ्यात महाग युनिटं गाडी खाते. शुल्कासकट मी चौदा रुपये धरतो. म्हणजे किलोमीटरला दोन रुपये. भाचा बरोबर होता. किलोमीटरमागे साडेचार रुपये सुटतात.

अडीच लाखाला साडेचारने भागा. साडेपंचावन्न हजार किलोमीटर. महिन्याला पाचशे चालणाऱ्या माणसाला तिथवर पोचायला सव्वानऊ वर्षं लागतात. बॅटरीची हमी बहुतेक गाड्यांना आठ वर्षांची असते.

आणि ही अडीच लाख खिशातून काढून देणाऱ्याची गोष्ट झाली. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्याला ते कर्जाने मिळायचे. अडीच लाख, सात वर्षं, नऊ टक्के: हप्ता वाढतो चार हजारांनी. पाचशे किलोमीटरमागे पेट्रोलचे वाचतात सव्वादोन हजार. हप्ता आणि बचत यांची गाठ पडायला महिन्याला नऊशे किलोमीटर, म्हणजे रोजचे तीस, गाडी चालायला हवी. रविवार धरून.

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "पण सरकार मदत करतं ना?"

करतं. कुठे करतं ते मात्र पाहायला हवं. विजेच्या गाड्यांना अनुदान देणारी केंद्राची फेम योजना आली २०१५ साली, तिचा दुसरा टप्पा २०१९ ला. त्या दुसऱ्या टप्प्यात घरगुती वापराच्या चारचाकीला अनुदान नव्हतं, ते टॅक्सीसारख्या गाड्यांना होतं. आयकरात ८० ईईबी नावाचं कलम होतं, विजेच्या गाडीच्या कर्जावरच्या दीड लाखांपर्यंतच्या व्याजाला वजावट देणारं. मी स्वतः त्याची प्रमाणपत्रं काढून दिली आहेत, आणि ती नेणारे बहुतेक पंधरा-वीस लाखांची गाडी घेणारे होते. साडेआठ लाखांच्या आत सुरू होणारी विजेची गाडी २०२२ च्या सप्टेंबरात जाहीर झाली, आणि ३१ मार्च २०२३ नंतर मंजूर झालेल्या कर्जांना ते कलम लागू राहिलं नाही. पंगतीत आमची पाळी आली तेव्हा श्रीखंड संपलेलं.

जीएसटी विजेच्या गाडीवर २०१९ पासून ५ टक्केच आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. लोकांना आनंद झाला, व्हायलाच हवा. पण त्यामुळे दोन गाड्यांमधलं अंतर, जे वर्षागणिक कमी होत होतं, ते पुन्हा थोडं वाढलं. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू इथे टोल माफ झाला. रोज त्या रस्त्यांवर जाणाऱ्याला हे मोठं आहे. भाचा जातो पुणे-सातारा. खेड शिवापूर आणि आनेवाडी ही नाकी त्या यादीत नाहीत.

आता मी दुसऱ्या बाजूचं सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याला नवं काही पाहवत नाही असं व्हायचं. आमच्या गल्लीत एक शिक्षक आहेत. साताऱ्याहून वाईजवळच्या शाळेत जातात, जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. महिन्याला सतराशेच्या आसपास होतात. स्वतःचं बैठं घर, पुढे पत्र्याची शेड, शेडच्या खांबाला पंधरा अँपिअरचा प्लग. अर्थिंग नीट करून घेतलं, गाडीसाठी वेगळं मीटर घेतलं, त्यामुळे घरच्या बिलाची पायरी चढत नाही. रात्री नऊला प्लग लावतात, सकाळी चहाच्या आधी काढतात. त्यांची बचत महिन्याला सात हजारांच्या वर जाते, हप्ता वाढला तो चार हजारांनी. त्यांच्यासाठी ही गाडी आजच स्वस्त आहे. आता ते गच्चीवर पॅनेल बसवायचं म्हणताहेत. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं. गच्ची त्यांची स्वतःची आहे, कुणाला विचारायचं नाही.

इथेच सगळी मेख आहे. विजेची गाडी परवडते की नाही हे पगारापेक्षा त्या खांबावरच्या प्लगवर जास्त ठरतं. भाच्याच्या इमारतीत मी गेलो होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने विजेची गाडी घेतली आहे. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नारंगी वायर खाली येते, पाण्याच्या पाइपला दोन ठिकाणी सुतळीने बांधलेली, जोडावर दुधाची पिशवी गुंडाळलेली, आणि मग पेव्हर ब्लॉकवरून दुसऱ्याच्या स्कूटरखालून गाडीपर्यंत. पावसाळ्यात हे बघवत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, आज यांची एक वायर आहे. उद्या सोळा जणांच्या सोळा येतील." घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्राच्या सूचनांप्रमाणे मोकळीक आहे, हे मी त्यांना सांगितलं. पण त्यांचंही अगदी खोटं नाही. लहान गाडीचा घरगुती चार्जर म्हणजे दीड गिझर रात्रभर चालू. सोळा घरांनी एकाच वेळी लावला तर पंचवीस वर्षांपूर्वीच्या मीटर रूमचं काय होईल?

घरी प्लग नाही तर बाहेरच्या चार्जरवर जा, असं सांगतात. बाहेर युनिटला वीस-बावीस रुपये सहज पडतात, किलोमीटरमागे तीन. बचत एक रुपयाने घटली, आणि दर आठवड्याला तासभर तिथे मोबाइल बघत बसायचं ते वेगळं. बॅटरी भाड्याने देण्याचीही एक योजना २०२४ साली निघाली. गाडी बॅटरीशिवायच्या किमतीत घ्यायची आणि किलोमीटरला साडेतीन रुपये भाडं भरायचं. ऐकायला छान. साडेतीनमध्ये विजेचे दोन मिळवा, साडेपाच झाले. पेट्रोलचे साडेसहा होते.

आणि गणपती! भाच्याचं गाव कणकवलीच्या अलीकडे. "वर्षातून दोनदा तर जायचं," तो म्हणतो. पण माणूस गाडी घेतो ती त्या दोन वेळांसाठीच, बाकी वर्षभर ऑफिसला जाते ती फुकटात. पुण्याहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. लहान बॅटरीला वाटेत दोनदा थांबणं आलं, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी कोल्हापूरच्या चार्जरवर आपण एकटे नसणार. फोंडा घाट उतरताना बॅटरी थोडी आपोआप भरते, त्याचं कौतुक करून घ्यावं. येताना चढावर ती व्याजासकट जाते.

मग काय घ्यावं? भाच्याला मी सीएनजी सुचवली. किलोला नव्वद रुपये धरले आणि पंचवीस किलोमीटर गेली तर साडेतीन-पावणेचार रुपये पडतात. डिकी टाकीने खाल्लेली, पंपावर रांग, दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची तपासणी, हे सगळं आलं. तरी पेट्रोलपेक्षा गाडी लाखभरानेच महाग. हायब्रिडचं, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेल्या गाडीचं, नाव त्याच्या बायकोने काढलं. लिटरला २८ च्या जवळपास छापील आकडा, खरोखर चांगली गाडी, पण ती मोठ्या अंगाचीच येते आणि तिच्यावर ४० टक्के जीएसटी आहे. पेट्रोल वाचवायला तेवढे पैसे ज्याच्याकडे आहेत, त्याला पेट्रोल महाग वाटत नसावं. आणि जुनी गाडी अजून चार वर्षं चालवणं हाही एक पर्याय आहे, बँकवाले तो कधी सांगत नाहीत. मीही सांगत नसे.

श्रोतेहो, हे सगळं बोलताना एक आकडा माझ्या मनातून जात नाही. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात मोटार असलेली घरं शंभरात नऊसुद्धा भरली नाहीत. गोव्यात पंचेचाळीस. म्हणजे ज्याचा हिशेब मी सामान्य माणसाचा म्हणून मांडतोय तो आपल्या राज्यातल्या शंभरातल्या पहिल्या नवांमधला. २००८ साली रतन टाटांनी एक लाखाच्या नॅनोची घोषणा केली, तेव्हा आमच्या शाखेत शिपाई ते मॅनेजर सगळे हिशेब करत होते. २०१८ मध्ये ती बंद झाली. 'सर्वांत स्वस्त' हे बिरुदच तिला नडलं असं म्हणतात, आणि मला ते पटतं. दारात उभी करायची ती वस्तू लोकांना स्वस्त दिसायला नको असते. उरलेल्या एक्क्याण्णव घरांपैकी अनेकांच्या दारात विजेचं चाक आलंय, पण ते स्कूटरचं. काही स्कूटरची बॅटरी काढून हातात तिसऱ्या मजल्यावर नेता येते. मोटारीची नेता येत नाही.

भाच्याने अजून काही घेतलेलं नाही. इमारतीची सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे, पार्किंगमध्ये चार्जिंगसाठी वेगळी लाइन टाकण्याचा विषय त्याने पत्रिकेत घालून घेतलाय. वायरवाला शेजारी त्याच्या बाजूने आहे. बाकीच्या चौदांची मतं अजून कळायची आहेत.

तोवर तुम्ही एक करा. आज रात्री खाली जाऊन गाडीच्या मीटरवरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुधाच्या खाड्यांशेजारी.

नमस्कार.