कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताय? १.० टर्बो, १.५ साधं की १.५ टर्बो?

नमस्कार मंडळी. मॉडेल ठरलं, रंगही ठरला आणि आता घोडं अडलंय इंजिनपाशी. एकाच गाडीत १.० लिटर टर्बो मिळतंय, १.५ लिटरचं बिनटर्बोचं मिळतंय, आणि वरच्या व्हेरिएंटला १.५ टर्बो. पहिल्या दोघांची पॉवर कागदावर जवळपास सारखीच. मग निवडायचं कशावरून?

माझं सरळ मत सांगतो: पॉवरचा आकडा आधी बाजूला ठेवा आणि ती कितव्या आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेत असताना, मिळते ते बघा.

सीसी म्हणजे काय, तर पिस्टन खाली सरकताना सगळ्या सिलिंडरमध्ये मिळून जेवढी जागा मोकळी होते, ती. जास्त जागेत जास्त हवा मावते आणि जास्त हवेत जास्त पेट्रोल जळतं. टर्बो तीच हवा दाबून आत कोंबतो, आणि तेही एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर. म्हणून १००० सीसीचं इंजिन १५०० सीसीच्या तोडीस तोड काम करू शकतं. फोर्डचं तीन सिलिंडरचं १.० इकोबूस्ट २०१२ मध्ये आलं आणि त्याच वर्षापासून सलग तीन वर्षं 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' ठरलं. त्यातून सुरुवातीलाच १२५ पीएसपर्यंत (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) पॉवर मिळत होती. 'एक लिटर म्हणजे कमजोर' हा हिशेब तेव्हापासूनच जुना झालाय.

(स्क्रीनवर: टॉर्क × आरपीएम ÷ ७०२३ = पीएस)

हे सूत्र बघा. टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, तो न्यूटन मीटरमध्ये घ्यायचा. समजा २००० आरपीएमला बिनटर्बोचं १.५ इंजिन १२० न्यूटन मीटर देतंय आणि १.० टर्बो १७५. म्हणजे त्या क्षणी पहिल्याकडे ३४ पीएस आहेत, दुसऱ्याकडे ५०. ब्रोशरवर दोघंही ११५ पीएसची असतील, पण तो आकडा येतो ५०००-६००० आरपीएमला, आणि रोजच्या चालवण्यात तिथपर्यंत आपण क्वचित जातो. ओव्हरटेक करताना टर्बोवाला त्याच गिअरमध्ये निघून जातो. साध्या इंजिनला एक-दोन गिअर खाली आणावे लागतात, मग ते ओरडतं आणि मग पळतं. गाडीत पाच माणसं आणि सामान असेल, तर हा फरक फारच जाणवतो. १२०० किलोच्या गाडीत ४०० किलो भरले, म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढलं!

उंचावर तर आणखी. समुद्रसपाटीपासून २००० मीटरवर हवा साधारण १८ टक्के विरळ असते. बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते, तर टर्बो जास्त दाब देऊन बरीचशी भरपाई करतो. सतत डोंगराळ भागात चालवणाऱ्यांनी माझ्या मते टर्बोच घ्यावं.

पण म्हणून साधं इंजिन बाद नाही हं. टर्बोला फिरायला एक्झॉस्टचा जोर लागतो, त्यामुळे १५०० आरपीएमच्या खाली छोटं टर्बो इंजिन बरेचदा सुस्त वाटतं आणि मग एकदम खेचतं. ट्रॅफिकमध्ये हळूहळू सरकताना हे वैताग आणतं. चार सिलिंडरचं साधं इंजिन तिथे गुळगुळीत चालतं, थरथरही कमी. गाडी बहुतेक शहरातच, दोघांसाठीच आणि आरामात चालवायची असेल, तर तेच घ्या. त्यात भाग कमी आणि उष्णताही कमी, त्यामुळे दहा-बारा वर्षं गाडी ठेवणाऱ्याला ते सोयीचं.

ॲव्हरेजचं गणित थोडं फसवं आहे. छोटं टर्बो हलक्या पायाने चालवलं तर खरंच कमी पितं. पण जोरात दाबलं की बचत संपली. ८० ऐवजी १२० च्या वेगाने गेलात, तर नुसती हवा कापायला जवळपास साडेतीन पट ताकद लागते. रोज भरधाव हायवे, तोही भरलेल्या गाडीने? तर १.५ टर्बो. तिथे छोटं इंजिन सारखं ताणलं जातं, आणि त्यासाठी वरचे पैसे मोजणं मला पटतं.

एक गोष्ट मात्र टर्बो घेणाऱ्यांनी पाळायलाच हवी: मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल, आणि वेळेवर. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर किंवा त्याहून जास्त फेरे घेतो आणि त्याच ऑइलवर तरंगत फिरतो.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, घरची माणसं बसवा. एसी चालू ठेवा. चढ शोधा, तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवर या आणि ॲक्सिलरेटर दाबा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये हेच करा. आणि जो गिअरबॉक्स तुम्ही बुक करणार आहात, त्याचीच गाडी मागा, कारण तेच इंजिन दुसऱ्या गिअरबॉक्सला जोडलं की अगदी वेगळं वागतं.