झिंगे, पास्ता आणि अर्धी वाटी वाइन

(दृश्य : नंदुरबार. पथारीवर वाळत घातलेली मिरची.)

हिवाळ्यातलं नंदुरबार आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलेली असते. रिक्षातला पाहुणा दोनदा शिंकला, की समजायचं, पोचलो.

अशा गावात आज एका घरी मिरची जपून घालायची आहे.

(दृश्य : स्वयंपाकघर. ओट्यावर ताटात झिंगे.)

कोकणात कोळंबी, इथे झिंगे. सुरतेकडून बर्फात आलेत. उधना-जळगाव रेल्वेने गुजरात इथून जवळच. वाटेतलं नवापूर स्टेशन तर निम्मं त्या राज्यात, निम्मं या राज्यात. तेव्हा जिल्ह्याला समुद्र नसला तरी झिंग्यांचं अप्रूप नाही. एरवी ते काळ्या मसाल्याच्या रश्शात जातात.

आज पास्त्यात जाणार. कारण पुण्याला नोकरी करणारा मुलगा चार दिवस सुटीवर आलाय.

(जवळून : सुरीचं टोक, झिंग्याची पाठ.)

पाठीवर बारीक चीर द्यायची, आतला काळा धागा अलगद ओढायचा. सोललेली डोकी-टरफलं तो केराच्या डब्याकडे नेतो, तेवढ्यात माय ताटली हिसकावते. "टाकतोस काय? सगळी चव त्यातच आहे." इटलीतल्या एखाद्या म्हातारीनेही असंच दटावलं असतं. टरफलं तेलात लालसर परतायची, बुडेल इतकं पाणी घालायचं, वीसेक मिनिटं उकळून गाळायचं. निम्मी चव इथेच तयार.

आता वाइन. आपल्याकडे पाटी 'वाइन शॉप'ची असते आणि दुकानात वाइनच सगळ्यात मागच्या फळीवर. धूळ पुसून मिळालेली ही नाशिकची चेनिन ब्लाँ : पांढरी, फारशी गोड नसलेली. बाटली ओट्यावर येताच माय उठून आधी खिडकी लावते.

"उकळली की दारू उडून जाते गं," मुलगा सांगतो. पूर्ण खरं नाही ते, थोडी राहतेच. पण हे मायला आत्ता सांगण्यात अर्थ नाही.

(दृश्य : मोठं पातेलं, खळखळतं पाणी.)

चौघांसाठी चारशे ग्रॅम पास्ता, चार लिटर पाणी, लिटरमागे दहा ग्रॅम मीठ. माय एक लांब काडी हातात घेऊन निरखते. तिचं माहेर मलकापूरकडचं. तिथे उन्हाळ्यात बायका काडीवर कणीक वळून सरगुंडे करतात. काडी ओढून घेतली की आत पोकळ नळी. "हे तर त्याचंच भावंड," ती म्हणते, आणि पास्त्याचा विषय तिच्यापुरता मिटतो.

(जवळून : स्टीलची कढई.)

अ‍ॅल्युमिनियमची नको, आंबट वाइनने चव बिघडते. तेलात लसणाचे पातळ काप, रंग बदलायच्या आत चिमूटभर कुटलेली मिरची. मायचा हात पुन्हा डब्याकडे जातो. मुलगा नुसता बघतो. हात मागे येतो.

झिंगे पडतात. एका बाजूने मिनिटभर, दुसऱ्या बाजूने मिनिटभर, की बाहेर. "एवढ्यात? कच्चे राहतील." रस्सा तासभर रटरटवणाऱ्या हाताला हे पटणं कठीण. पण झिंग्याकडेच बघावं. अर्धगोल वळला, गुलाबी झाला, म्हणजे शिजला. दोन्ही टोकं टेकवून घट्ट गोल झाला, तर रबर चावायची तयारी ठेवा.

त्याच कढईत अर्धी वाटी वाइन. चर्रर्र होतं, आंबूस वाफ उठते, बुडाला चिकटलेलं सुटतं. निम्मी आटली की टरफलांचं पाणी, मग पुरता शिजायच्या मिनिटभर आधीच उपसलेला पास्ता, पळीभर त्याचंच पिठूळ पाणी आणि लोण्याचा गोळा. हलवत राहिलं की पाणी आणि लोणी एकजीव होऊन चकाकी येते. शेवटी झिंगे, लिंबू, कोथिंबीर. चीज नाही, माशांवर ते घालायचं नाही, अशी इटलीतली जुनी रीत.

(दृश्य : दारात शेजारचे आबा.)

"हाई काय शे रे भो?"

उत्तराऐवजी त्यांना ताटली मिळते. पहिल्या घासानंतर आबा तिखटाचा डबा मागतात. माय तो त्यांच्यापुढे सरकवते, आणि जाता जाता आपल्याही ताटलीत चमचाभर पाडून घेते.

(दृश्य : फ्रिजचं दार उघडतं.)

पाऊण बाटली उरलीय. लिंबाच्या लोणच्याच्या बरणीमागे, लेबल भिंतीकडे करून.