जुनं शहर की समुद्रकाठचं गाव: आधी कुठे, नंतर कुठे

(दृश्य: एका जुन्या घराची भिंत, अगदी जवळून. खाली सिमेंटचा राखाडी पट्टा, वर फुगलेले पोपडे.)

ही भिंत नीट बघा. खालचा राखाडी पट्टा सिमेंटचा, अलीकडचा. मूळ भिंत चुन्यात बांधलेली. जमिनीतून चढणारी ओल पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून सहज बाहेर पडायची आणि वाऱ्यावर उडून जायची. ओल दिसू नये म्हणून कुणीतरी वरून सिमेंट थापलं आणि तिची वाटच बंद झाली. मग ओल भिंतीच्या आतून वर सरकली आणि पट्टा संपतो तिथे बाहेर आली. सोबत तिनं क्षार आणले. त्या जागी आता लोणा लागलाय. विटेला नख लावलं तरी भुगा हातात येतो.

(दृश्य: दाराची बिजागरी. कडांना तांबूस गंज, फिरताना करकर.)

आणि ही बिजागरी समुद्राकाठच्या घरातली. लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत राहतात आणि वाऱ्याबरोबर घरात शिरतात. बिजागरी बदलता येते, त्याचं फार नाही. पण तेच क्षार हळूहळू स्लॅबमध्ये उतरतात आणि आतल्या सळईपर्यंत पोचतात. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. ती जागा तो काँक्रीट फोडून करून घेतो. छताचा तुकडा खाली पडतो तेव्हा आतलं काम कधीच सुरू झालेलं असतं.

शहरातला गोंगाट, धावपळ, वाढती गर्दी यांना कंटाळलेली माणसं एका टप्प्यावर हाच विचार करायला लागतात. एखाद्या जुन्या, इतिहास असलेल्या शहरात राहायला जावं, की सरळ समुद्रकाठचं छोटं गाव गाठावं? दोन्हीकडचे फोटो मोह घालतात. पण फोटोतली जागा एका संध्याकाळची असते. राहणाऱ्याला त्या जागेची निगा राखावी लागते, वर्षानुवर्षं. म्हणून प्रश्न असा विचारावा असं मला वाटतं: या दोन निगांपैकी कुठली आपल्याच्यानं होईल, आणि आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर होईल?

(दृश्य: अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना उंच भिंती, जमिनीवर सावली.)

जुन्या शहराची रचना उगाच झालेली नाही. गल्ल्या अरुंद, कारण माणसं पायी चालायची, आणि दोन्हीकडच्या भिंतींची सावली दिवसभर रस्त्यावर पडते. जाड दगडी भिंत दिवसा ऊन शोषते आणि आतली हवा गार ठेवते. दवाखाना, बाजार, शाळा, चार ओळखीचे चेहरे, सगळं चालण्याच्या अंतरावर. गाडी नसलेल्या माणसाला याहून मोठी सोय नाही.

पण इथलं घर पूर्णपणे आपलं नसतं. खिडकी बदलायची तर परवानगी, रंग बदलायचा तर परवानगी. फ्रान्सनं १९६२ च्या कायद्यानं जुन्या शहरांचे भागच्या भाग संरक्षित केले. इंग्लंडमध्ये सूचीतल्या वारसा इमारतीचं स्वरूप बिघडेल असं काम परवानगीशिवाय करणं हा फौजदारी गुन्हा आहे. याचा त्रास होतो हे खरं. तरीही मी या नियमांच्या बाजूचा आहे. शेजाऱ्यानं मनाला येईल तशी भिंत पाडली असती, तर ज्या गल्लीसाठी आपण इथे आलो ती गल्ली राहिलीच नसती.

(दृश्य: खडकाळ किनारा, कड्याला बिलगलेले पडक्या घरांचे अवशेष.)

समुद्रकाठी नियमांपेक्षा समुद्राचं चालतं. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातलं हॉलसँड्स हे कोळ्यांचं गाव कड्याच्या पायथ्याशी वसलेलं होतं. घरांसमोर गोट्यांचा रुंद किनारा होता आणि लाटांचा जोर तिथेच मोडायचा. १८९० च्या दशकात प्लिमथच्या नौदल गोदीच्या बांधकामासाठी जवळच्या समुद्रतळातून वाळू-गोटे उपसायला सुरुवात झाली. गावकऱ्यांनी तक्रारी केल्या. किनारा बघता बघता खचत गेला. उपसा थांबला, पण गेलेले गोटे परत आले नाहीत. २६ जानेवारी १९१७ च्या रात्री वादळ आणि मोठी भरती एकदम आली आणि जवळपास अख्खं गाव गेलं. माणसं वाचली. राहण्याजोगं घर एकच उरलं.

ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतोय. किनारा म्हणजे पक्की जमीन नव्हे. तिथे वाळू-गोट्यांची ये-जा सतत चालू असते. एका ठिकाणी उपसा केला किंवा बंधारा घातला, तर शेजारच्या गावाच्या पायाखालची वाळू सरकू शकते. म्हणून घर बघताना आधी किनारा बघायचा. दहा, वीस, तीस वर्षांपूर्वी तो कुठे होता ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. उधाणाच्या भरतीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, स्वतः जाऊन उभं राहायचं आणि पाणी कुठवर येतं ते डोळ्यांनी पाहायचं. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरनं वाढली आहे, आणि वाढीचा वेग चढता आहे.

विहिरीचंही तसंच. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली त्याचा थर साधारण ४० मीटरपर्यंत असतो. उपसा जास्त झाला आणि वरची पातळी थोडी जरी उतरली, की खालून खारं पाणी भराभर वर येतं. गावात पाहुण्यांसाठी खोल्या वाढल्या की हा उपसाही वाढतो.

या सगळ्याच्या बदल्यात गाव काय देतं? दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे, रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, आणि त्या वेळेनुसार कामं लावायची सवय हळूहळू अंगात मुरते. ज्याला हे आवडतं त्याला दुसरीकडे करमत नाही, आणि त्याचं काही चुकत नाही.

(दृश्य: रात्र. बंद खिडक्यांची रांग, मध्येच एक उजेड.)

दोन्हीकडे एक दुखणं मात्र सारखंच आहे. घरं असतात, पण त्यात राहणारं कुणी नसतं. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली आला. उरलेल्या कितीतरी घरांत आज पर्यटक मुक्कामाला असतात. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजमध्ये हीच गत झाली, तेव्हा २०१६ मध्ये लोकांनी मतदान घेतलं आणि ठरवलं की यापुढे बांधलेलं घर कायम राहणाऱ्यालाच मिळेल. कौल ८० टक्क्यांहून जास्त होता. जुन्या घरांना मात्र हा नियम लागू नाही.

हे वाचून सोडून देण्याजोगं नाही. शेजारी वर्षातून तीन आठवडे येणार असेल तर रात्री दोनला दार कुणाचं ठोठावणार? मुलं कमी झाली की शाळा बंद पडते, मग किराणा, मग शेवटची बस.

(दृश्य: नकाशा. एका गावाभोवती वर्तुळ. वर्तुळाचा अर्धा भाग निळा.)

हा नकाशा बघा. कुठल्याही गावाभोवती तासाभराच्या अंतराचं वर्तुळ काढलं, की त्या वर्तुळात दवाखाने, डॉक्टर, मदतीला येणारी माणसं असतात. समुद्रकाठच्या गावाच्या वर्तुळाचा निम्मा भाग पाणी आहे. तिकडून कुणी येणार नाही. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांनी २०२१ चा आपला वार्षिक अहवाल किनाऱ्यावरच्या वस्त्यांच्या आरोग्यावरच लिहिला, आणि तिथे आजारांचं प्रमाण जास्त असल्याचं नोंदवलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झटका आला, तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. त्यात रुग्णवाहिका यायची, न्यायची, तपासणी व्हायची. जुन्या शहरातही अडचणी आहेत. गल्लीत गाडी शिरत नाही, जिने उभे आणि लिफ्ट बसवायला जागा नाही. पण तिथे स्ट्रेचर उचलायला चार हात मिळतात.

म्हणूनच मला वाटतं की आपण हा क्रम उलटा लावतो. उमेदीची वर्षं शहरात काढायची आणि निवृत्त झाल्यावर समुद्रकाठी जायचं, असं बहुतेकांच्या मनात असतं. गंज खरवडणं, छतावर चढणं, वादळाआधी सगळं बांधून ठेवणं, ही गुडघे आणि खांदे धड असतानाची कामं आहेत. समुद्राची ओढ असेल तर चाळिशीत जा, हात चालतात तोवर. पुढे जुन्या शहरात या, पण तळमजल्यावर.

आणि दोन्हीकडे घर घेण्याआधी भाड्यानं राहा, तेही सगळ्यात वाईट महिन्यांत. जुन्या शहरात भर गर्दीच्या हंगामात, किनाऱ्यावर वादळी दिवसांत आणि त्यानंतरच्या शुकशुकाटात. रात्री फेरी मारून उजेड असलेल्या खिडक्या मोजा. पोटमाळ्यावर आणि जिन्याखाली हात लावून ओल बघा, स्लॅबच्या कडांना तांबूस रेघा दिसतात का ते बघा. जवळच्या मोठ्या दवाखान्यात एकदा रात्री, पावसात, स्वतः जाऊन या आणि घड्याळ लावा. मग मालकाशी किमतीचं बोला.