इंटरकूलर आतून धुताना

मंडळी, पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीचा चढ लागला की डिझेल गाडी दम टाकते, मागे काळा धूर सोडते. मग कुणीतरी सांगतं, इंटरकूलरमध्ये ऑइल साचलंय, धुऊन टाका. धुवाच, पण आधी पाहा की ते ऑइल आलं कुठून.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा; त्यात दाबली गेलेली हवा शंभर अंशांच्या पुढे तापते. ती गार करून इंजिनात पाठवायची, एवढंच इंटरकूलरचं काम. इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइलची वाफ त्याच वाटेने जाते, त्यामुळे आत पातळ थर असणारच. खालच्या होजमधून चमचा-दोन चमचे ऑइल निघालं तर घाबरू नका. वाटीभर निघालं तर मात्र ब्रीदर तुंबलाय का, एअर फिल्टर चोंदलाय का, डिपस्टिकवर ऑइल मॅक्सच्या वर आहे का, टर्बोची ऑइल रिटर्न नळी बंद आहे का आणि त्याचा शाफ्ट हलतोय का, हे सगळं पाहा. मूळ कारण तसंच ठेवून धुतलं तर महिन्याभरात पुन्हा तेच. ऑइलने रबरी होज मऊ पडतात आणि क्लॅम्पमधून सुटतात. पिकअप जातो तो बऱ्याचदा तिथून होणाऱ्या हवेच्या गळतीमुळे, आतल्या थरामुळे नाही.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मग बंपर काढा. प्रेशर सेन्सर लावलेला असेल तर आधी तो काढून बाजूला ठेवा. इंटरकूलर काढल्यावर तोंडं खाली करून तासभर उभा ठेवा. एक तोंड बंद करा, लिटरभर डिझेल किंवा टर्पेंटाइन ओता, दुसरं तोंडही बंद करा आणि दहा मिनिटं चहूबाजूंनी हलवा. अर्धा तास ठेवून बादलीत ओता. असं पुन्हा पुन्हा करा. पहिल्या वेळी डांबरासारखं काळं निघतं, तिसऱ्या-चौथ्या वेळी रंग उतरतो. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ ठिणगीची वाट बघत असते. कॉस्टिक सोडा तर मुळीच नको, तो ॲल्युमिनियम खातो. दोन्ही टोकांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतील तर थिनरही नको, आतलं रबरी गॅस्केट फुगतं. यानंतर बादलीभर कोमट पाण्यात दोन चमचे भांड्यांचा साबण घालून धुवा आणि फेस जाईपर्यंत साध्या पाण्याने विसळा. बादलीतलं काळं डिझेल गटारात सोडू नका, ओढ्यानाल्यांतून ते कृष्णेतच जातं. डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या.

टर्बो फुटलेला असेल तर धुण्याच्या भानगडीत पडू नका. त्याच्या पात्यांचे तुकडे आतल्या बारीक नळ्यांत अडकून राहतात आणि नंतर थेट सिलिंडरमध्ये जातात. तिथे नवा इंटरकूलरच बसवा.

आता सुकवणं, आणि इथेच लोक घाई करतात. आत राहिलेलं डिझेल किंवा ऑइल इंजिनासाठी इंधनच आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हे इंधन आत ओढलं गेलं की किल्ली बंद केली तरी इंजिन आपोआप रेस होत जातं. तोंडं खाली करून पूर्ण दिवस उन्हात ठेवा, कॉम्प्रेसरची हवा हलक्या दाबाने दोन्ही बाजूंनी मारा. पांढरं फडकं आत फिरवून बघा. ते ओलं किंवा तेलकट निघालं तर आणखी एक दिवस.

बसवण्याआधी गळती तपासा. दोन्ही तोंडं बुचांनी बंद करा, बुचं तारेने नीट बांधा, नाहीतर दाबाने गोळीसारखी उडतात. पंधरा पीएसआय हवा भरून पाण्याच्या टबात बुडवा. बुडबुडे बहुधा प्लॅस्टिक टाकी आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यावर दिसतात. तिथे चिकटवण्याचे प्रयोग टिकत नाहीत.

होज बसवताना आतून कोरडे पुसा, सांध्यातली कडक झालेली रबरी कडी (ओ-रिंग) बदला. गाडी सुरू करून पाच मिनिटं रेस न देता चालू ठेवा. हजार किलोमीटर झाल्यावर खालचा होज पुन्हा उघडा आणि आत बोट फिरवा. नुसतं ओशट लागलं तर ठीक, थेंब टपकला तर ब्रीदरपासून पुन्हा शोधायला लागा.