आकडा टेपपासून करवतीपर्यंत

सुतारकाम, फरशी, गिलावा आणि इंटिरियरची कामं करणारे कारागीर आणि सिव्हिल डिप्लोमाचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.

नमस्कार मंडळी. आजचा विषय आहे माप नोंदवून ठेवणारी इलेक्ट्रॉनिक टेप आणि तिच्याच जोडीने वापरात आलेला लेझर मीटर. यंत्राचे गुण गायला मी उभा नाही. टेपवर वाचलेला आकडा कटिंग लिस्टमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यांच्या यादीत जातो, तिथून करवतीपाशी जातो आणि शेवटी बिलात जाऊन बसतो. त्या वाटेत त्याचं काय होतं, ते मला तुमच्यापुढे मांडायचं आहे.

साइटवर प्लाय चुकीचा कापला गेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "माप कुणी घेतलं?" आणि माप घेणारा बहुतेक वेळा बरोबर असतो. पोलादी टेप ही फार विश्वासाची वस्तू आहे. बऱ्याच टेपांवर पातीच्या सुरुवातीला रोमन आकड्यात अचूकतेचा वर्ग छापलेला असतो, तो एकदा बघा. दुसऱ्या वर्गाच्या टेपला ५ मीटरमागे जास्तीत जास्त १.३ मिलिमीटर चुकायची मुभा असते. आपलं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. म्हणजे सगळी टेप ओढली तरी तिची चूक अर्ध्या सुताच्या आत राहते. आणि आपली भांडणं होतात अर्ध्या इंचावरून, कधी अख्ख्या फुटावरून.

टेपच्या टोकाचा हूक हलतो म्हणून तो ठोकून घट्ट करणारे कारागीर मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. तो मुद्दामच सैल ठेवलेला असतो आणि त्याच्या पत्र्याची जेवढी जाडी तेवढंच तो सरकतो. फळीला बाहेरून अडकवला की बाहेर येतो, भिंतीला आतून टेकवला की आत जातो. त्यामुळे दोन्ही वेळा शून्य बरोबर जागी पडतं. स्प्रिंगने आपोआप आत जाणारी टेप हवी तिथे अडवून धरण्याच्या सुधारणेचं पेटंट अमेरिकेत आल्विन फेलोज यांनी १८६८ साली घेतलं. तेव्हापासून या छोट्याशा वस्तूत खूप विचार ओतला गेला आहे, आणि तो आपल्या कमरेला रोज लटकलेला असतो.

तर आकडा बरोबर वाचला गेला. सात फूट, दोन इंच, तीन सूत. आता पुढे काय होतं बघा. आत खोलीत उभा असलेला मिस्त्री ओरडतो. बाहेर पॅसेजमध्ये कटर चालू असतो. मिस्त्री मराठीत बोलतो, कापणारा हिंदीत ऐकतो. मिलिमीटरमध्ये बोलणाऱ्याचा 'साठ' आवाजात 'सात' होतो. कुणीतरी तो आकडा पेन्सिलीने प्लायच्या तुकड्यावर लिहितो, आणि तो तुकडा दुपारी पॅकिंग म्हणून कुठेतरी ठोकला जातो. नाहीतर भिंतीवर लिहितो, आणि त्या भिंतीवर संध्याकाळी पुट्टी फिरते. एवढ्यातून जो वाचला तो फॅक्टरीत जातो, कारण आता कपाटाची शटर, म्हणजे दारं, साइटवर कापली जात नाहीत, तिथल्या पॅनेल सॉ या मोठ्या करवत-यंत्रावर कापली जातात. तिथलं सगळं काम मिलिमीटरमध्ये. सात फूट दोन इंच तीन सूत म्हणजे ८६.३७५ इंच, म्हणजे जवळपास २१९४ मिलिमीटर. पण एखादा घाईत फुटाचे सरळ ३०० मिलिमीटर धरतो. फूट असतो ३०४.८ मिलिमीटरचा. सात फुटांत ३३ मिलिमीटरहून जास्त गेले. सव्वा इंचापेक्षा मोठी फट पडली, आणि बोट मात्र टेप धरणाऱ्याकडे दाखवलं जातं.

या मधल्या वाटेवर ही नवी साधनं कामाची आहेत. अमेरिकेत ईटेप-१६ नावाची १६ फुटी टेप आहे. दिसायला नेहमीची पोलादी पाती, पण अंगावर छोटा पडदा, आणि बटण दाबलं की माप लक्षात ठेवते. रीकॉन कंपनीची टी-१ ही त्याच जातीची, तिच्यातला आकडा ब्लूटूथने थेट फोनवर जातो. पाती किती बाहेर आली हे आतला सेन्सर मोजतो. एका बटणावर इंचाचे मिलिमीटर होतात. आपल्याकडे मात्र टेपपेक्षा लेझर मीटरच जास्त हातांत दिसतो. हातात मावणारा लेझर मीटर लायका या स्विस कंपनीने १९९३ साली 'डिस्टो' नावाने आणला. आज ब्लूटूथवाले लेझर मीटर बॉश आणि इतर कंपन्यांचेही मिळतात. अचूकता साधारण दीड ते दोन मिलिमीटर.

लेझर मीटर कसा चालतो हे कळलं की तो कुठे फसेल हेही कळतं, म्हणून थोडं सांगतो. यंत्र लाल प्रकाश सोडतं, तो समोरच्या भिंतीवरून परत येतो. प्रकाशाचा वेग एवढा की एका मिलिमीटरचा फरक म्हणजे जाण्यायेण्याच्या वेळेत नॅनोसेकंदाचा दीडशेवा हिस्सा. इतका बारीक काळ थेट मोजणं अवघड, म्हणून बहुतेक हातातली यंत्रं प्रकाश ठरावीक लयीत कमीजास्त करतात आणि परत आलेली लय किती मागे पडली त्यावरून अंतर काढतात. तेव्हा ठिपका जिथे पडतो तिथलंच माप येतं. मध्ये गिलाव्याचा फुगवटा असला तर त्याचं. काच असली तर प्रकाश आरपार जातो किंवा भलतीकडून परत येतो. उन्हात गॅलरीत ठिपकाच दिसत नाही. तिथे पोलादी टेपच काढावी.

दोन चुका मात्र यंत्राच्या नाहीत, आपल्या हाताच्या आहेत. पहिली तिरकेपणाची. ३ मीटर दूरच्या भिंतीवर ठिपका सरळ रेषेच्या २० सेंटीमीटर वर पडला तर माप साडेसहा मिलिमीटरने वाढतं. यंत्र खोटं बोलत नाही, ते तिरक्या रेषेचं खरं माप देतं. दुसरी चूक जास्त महाग पडते. माप यंत्राच्या मागच्या कडेपासून धरायचं की पुढच्या, हे एका बटणाने बदलतं. ते चुकून दाबलं गेलं की त्या दिवसाच्या प्रत्येक मापात यंत्राच्या लांबीएवढी चूक येते, आणि ती सगळ्या आकड्यांत सारखीच असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. म्हणून सकाळी पहिलं माप अशा जागेचं घ्या जी पोलादी टेपनेही मोजता येते. दोन्ही आकडे जुळले की मग कामाला लागा.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते तिकडे येतो. आकडा फोनमध्ये गेला. पडद्यावर दिसतंय २४३८, १०६७, ९१४, २१३४. वीस ओळी. संध्याकाळी ऑफिसात बसून त्या वाचणाऱ्याने काय समजायचं? २१३४ ही दाराची उंची की वॉर्डरोबची? गिलाव्याआधीची की नंतरची? आतला गिलावा साधारण १२ मिलिमीटरचा. समोरासमोरच्या दोन भिंतींचे मिळून २४, म्हणजे जवळपास इंच खोलीतून कमी झाला. त्यावर डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइल्स आणि त्यामागचा माल आला की ओट्याची लांबी आणखी घटते. विटेपासून विटेपर्यंत घेतलेलं माप कितीही अचूक असलं तरी त्यावर कापलेला कडाप्पा ओट्यावर बसणार नाही.

जुना मिस्त्री कागदावर लिहायचा तेव्हा हाताने एक वेडंवाकडं चित्र काढायचा. खिडकी, तुळई, कोपऱ्यातला कॉलम, आणि बाणाशेजारी आकडा. आकडा कुठून कुठपर्यंत, हे ते चित्र सांगायचं. यंत्र आकडा पक्का ठेवतं, पण चित्र विसरायला लावतं, आणि हा तोटा लहान नाही. आता काही ॲपमध्ये जागेचा फोटो काढून त्यावरच माप टाकता येतं. ते जरूर वापरा. ते नसेल तर कागदावर चित्र काढा, त्याचा फोटो घ्या आणि मापांच्या यादीला जोडा. वॉर्डरोबच्या कोनाड्याची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी घ्या, आणि तिन्ही नोंदवा. फक्त सर्वात लहान माप लिहून मोकळे होऊ नका. उरलेल्या दोन आकड्यांवरून फट झाकायची पट्टी किती रुंद लागेल ते कळतं, आणि भिंत ओळंब्यात नाही हे मालकाला दाखवताही येतं.

डिप्लोमाच्या मुलांना यात मोजमाप पुस्तक आठवलं असेल. सार्वजनिक बांधकाम खात्यात त्याला सगळे एमबी म्हणतात. नग, लांबी, रुंदी, उंची, परिमाण असे रकाने. ठेकेदाराचं बिल त्या पुस्तकावर उभं असतं. माप जागेवरच लिहायचं, खोडरबर चालवायचं नाही, चुकलं तर आडवी रेघ मारायची, बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे. या नियमामागे फार मोठं शहाणपण आहे. नोंद कधी बदलली आणि कुणी बदलली हे दिसतं, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. आपल्या फोनमधल्या यादीत आकडा बदलला तर अनेकदा मागे काहीच उरत नाही. २१३४ चा २०३४ झाला, एवढंच. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक नोंद आपोआप खरी असते असं मी मानत नाही. तिला एमबीची शिस्त लावावी लागते. माप घेतल्या दिवशीच यादी दोन्ही बाजूंना गेली पाहिजे, आणि बदल करायचा तर नवी यादी जायला हवी, जुनी न पुसता.

हा मुद्दा मी एवढा ताणतो कारण या खोलीतल्या बहुतेकांची मजुरी मापावर आहे. गिलावा, रंग, फरशी, पीओपी, सगळं स्क्वेअर फुटावर. स्कर्टिंग आणि मोल्डिंग रनिंग फुटावर. काम तुम्ही करता, पण शेवटचं माप बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी घेतं आणि तुम्हाला फक्त एकूण आकडा सांगितला जातो. एक साधी खोली घ्या. १० बाय १२, उंची साडेनऊ फूट. चार भिंती मिळून ४१८ चौरस फूट. ३ बाय ७ चं दार २१, आणि ४ बाय ४ ची खिडकी १६. दोन्ही पूर्ण वजा केले तर उरले ३८१. जवळपास नऊ टक्के मजुरी गेली. आता बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक आयएस १२०० काय म्हणतं? अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत, भिंतीला दोन्ही बाजूंनी गिलावा असेल तर एकाच बाजूची वजावट, कारण दाराखिडकीच्या आतल्या कडा तुम्ही भरलेल्या असतात आणि त्यांचं वेगळं माप धरत नाहीत. आपलं दार दोन चौरस मीटरच्या आत, खिडकी दीडच्या आत. दोन्ही याच नियमात बसतात. खासगी कामात हे मानक आपोआप लागू होत नाही, तिथे बोली होईल तेच खरं. पण बोली करतानाच "वजावट आयएस १२०० प्रमाणे" एवढं लिहून घ्यायला काय हरकत आहे? अर्ध्या ओळीचं काम आहे.

आणि स्वतःची नोंद ठेवा. गिलाव्याच्या टोळीत एकाकडे जरी ब्लूटूथवाला लेझर मीटर असला, तरी काम संपल्याच्या संध्याकाळी प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची, उघड्या जागा आणि दोन फोटो एवढं सगळं थोड्या वेळात जमा होतं. दोन महिन्यांनी बिलाच्या वेळी त्या भिंतींवर रंग चढलेला असेल, फॉल्स सीलिंगने उंची झाकलेली असेल, किंवा घरात लोक राहायला आलेले असतील. तेव्हा पुन्हा मोजणं शक्य नसतं.

हीच गोष्ट घर घेणाऱ्यांनाही लागू आहे. रेराचा कायदा २०१६ चा. त्यात चटई क्षेत्राची, म्हणजे कार्पेट एरियाची, व्याख्या नेमकी आहे. आतल्या पार्टिशन भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि गॅलरी धरायची नाही. महाराष्ट्रातल्या नमुना करारनाम्यात तीन टक्क्यांपर्यंतच्या फरकाची मर्यादा आहे. ताबा घेताना सामान आत येण्याआधी मोजून ठेवलं तर तो फरक दाखवता येतो.

श्रोत्यांतून एका फरशीवाल्यांनी विचारलं की मालकाने किंवा मुकादमाने माप पाठवायला नकार दिला तर काय करायचं. त्यावर माझं उत्तर असं. परवानगीची वाट बघू नका, तुमची यादी तुम्ही पाठवा. व्हॉट्सॲपवर, त्याच दिवशी, खोलीच्या नावासकट, आणि खाली लिहा की यात काही चूक असेल तर दोन दिवसांत कळवा, आपण मिळून पुन्हा मोजू. आणि ते मोजायला येतील तेव्हा तुमचा माणूस तिथे असू द्या. त्यांच्याकडे लेझर असला तर तुमच्या माणसाने पडदा वाचायचा, टेप असली तर तिचं दुसरं टोक त्याने धरायचं, आणि प्रत्येक आकडा तिथल्या तिथे आपल्या वहीतही उतरवून घ्यायचा.